मार्क्सचं झाड आणि मिनिटांच्या नोटा

प्रश्न: मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेलो होतो तेव्हा सिकोया नॅशनल पार्क बघितलं. तिथल्या जनरल शेरमन ह्या अवाढव्य झाडाला आधी कार्ल मार्क्सचं नाव होतं म्हणे, खरंय का? उपवनला मॉर्निंग वॉक ग्रुपमध्ये सांगितलं तर एक मित्र म्हणाला, समाजवाद्यांची वसाहत ना, बसून खाणारे असणार, बुडणारच.
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर: खरंय काका. हे नाव ठेवणारी मंडळी म्हणजे कविया कॉलनी, सॅन फ्रान्सिस्कोतले कामगार चळवळवाले, पुढारी बर्नेट हॅस्केल आणि जेम्स मार्टिन. १८८५ मध्ये त्यांच्यातल्या चाळीसहून जास्त जणांनी तिथल्या जंगलासाठी सरकारकडे अर्ज टाकले, प्रत्येकी १६० एकर, एकरी अडीच डॉलर, सगळं कायद्यात बसणारं. पण बऱ्याच अर्जांवर एकच पत्ता! साहेबांना वाटलं रेल्वे कंपनीचीच माणसं पुढे केलीयत जमीन लाटायला, आणि अर्ज लटकले ते लटकलेच.

ही मंडळी मात्र कामाला लागली, म्हणाली जमीन काय आज ना उद्या मिळेलच. लाकूड खाली आणायला रस्ता हवा, तर १८८६ ते १८९० डोंगर फोडून १८ मैलांचा, म्हणजे साधारण २९ किलोमीटरचा रस्ता केला, तोही हातांनी, मोठी मशिनं नाहीत. बसून खाणारे म्हणे!

मला सगळ्यात भारी वाटतात त्यांच्या नोटा. डॉलर नाही, मिनिटं. काम कुठलंही असो, रेट तासाला ३० सेंट, म्हणजे २०० मिनिटांचा एक डॉलर, आणि नोटा १० मिनिटांपासून थेट २०,००० मिनिटांपर्यंत, कॉलनीच्या दुकानात त्याच चालायच्या.

भांडणं नव्हती असं नाही हं, हॅस्केलचं पटायचं कमीच लोकांशी, आणि बरेच मेंबर तर तिथे राहायचेसुद्धा नाहीत, लांबून नुसती वर्गणी भरायचे. पण माझ्या मते खरी मेख जमिनीत होती. ठाण्यात हे कुणाला वेगळं सांगायला नको, बिल्डिंग उभी, लोक राहतायत, मेंटेनन्स भरतायत आणि कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होण्याचा, पत्ता नाही, तसंच ते. १८९० च्या सप्टेंबरमध्ये सिकोया पार्क जाहीर झालं, आणि लगेच १ ऑक्टोबरला हद्द वाढवून ह्यांनी मागितलेलं जंगलही आत घेतलं. वर पुन्हा सरकारी जमिनीवरची झाडं तोडली म्हणून पुढाऱ्यांवर खटला, त्यात शिक्षा, आणि १८९२ पर्यंत कॉलनी संपली. झाडावर मार्क्सच्या जागी लष्करातला जनरल आला, आता यावर काय बोलणार.

रस्ता मात्र सरकारने सोडला नाही, १९२६ पर्यंत जायंट फॉरेस्टला, म्हणजे हे झाड आहे त्या जंगलाला, गाड्या त्याच रस्त्याने जायच्या. तो बांधणाऱ्यांना नुकसानभरपाई म्हणून एक छदामही मिळाला नाही.