एम.ए. झालं, नेट राहिली, एड-टेकमध्ये जाऊ का? : पोळलेल्या हाताने दिलेलं उत्तर

तुझी पोस्ट वाचली आणि समोरचा चहा तसाच निवला. इतिहासात एम.ए., नेटचे (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचे) दोन अटेम्प्ट गेले, घरचे बी.एड.च्या मागे लागलेत आणि एका एड-टेक (ऑनलाइन शिक्षणाच्या) कंपनीची ‘अकॅडमिक काउन्सेलर’ची ऑफर आलीय. विषय सोडला तर ही २०१९ ची मीच. माझा विषय हिंदी. (इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरात राहून हिंदी का, हे आमच्या आत्याने विचारून झालंय.) वयाने लहान वाटलीस म्हणून एकेरीवर आलेय, राग मानू नकोस.

नेटचा सिलॅबस, पुस्तकं वगैरे सोडून देते. इथे भंवरकुआंला, क्लासेसच्या भागात, ते सांगणारे पावलोपावली बसलेत. मला जे महागात पडलं ते सांगते.

मी एका कॉलेजात अतिथी विद्वान, म्हणजे तात्पुरती प्राध्यापक, होते. नाव घेणार नाही, इंदूर तसं लहानच आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळे व्हॉट्सअॅपवर पीडीएफ टाकून मोकळे होत होते. मी रात्री जागून व्हिडिओ बघत मूडल, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर, शिकले. सॉफ्टवेअर फुकट आणि कॉलेजची होस्टिंग होतीच. चौदा पेपरचे कोर्स उभे केले, प्रश्नसंच भरले, ज्या सरांना ईमेलला फाइल जोडता येत नव्हती त्यांना फोनवर धरून क्विझ लावायला शिकवलं. प्राचार्य म्हणाले, ‘बहुत बढ़िया, मॅडम.’ तोंडी. मी त्यातच खूश.

मग नियमित प्राध्यापक बदलीवर आले आणि मी फॉलन आउट, म्हणजे जागेवरून बाहेर. हरकत नाही, म्हटलं, आता हातात एक हुन्नर आहे. अनुभव प्रमाणपत्र मागायला गेले तर कार्यालयातले बाबू म्हणतात, ‘आपका आदेश तो हिंदी पढ़ाने का है, ये कंप्यूटर वाला काम कहाँ लिखा है?’ अकरा चकरा मारल्या, मोजून. कधी साहेब दौऱ्यावर, कधी शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी सुट्टीवर. शेवटी एका ओळीचा कागद मिळाला, ‘अध्यापन कार्य किया’. दोन वर्षांच्या मूडलबद्दल त्यात अवाक्षर नाही.

तरी बाबूला मी निम्माच दोष देते. खरी घोडचूक पुढेच आहे आणि ती माझी. पुण्याच्या एका कंपनीचा इन्स्ट्रक्शनल डिझायनरसाठी (कोर्सची आखणी करणाऱ्या माणसाच्या जागेसाठी) ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, ‘स्क्रीन शेअर करा, काय केलंय ते दाखवा.’ मी साइट उघडली, तर साइटच नाही. कॉलेजने होस्टिंगचे पैसे भरले नव्हते. बॅकअप? मी एकाही कोर्सचा घेतला नव्हता! आपल्याच कॉलेजचं आहे, जाणार कुठे, असं वाटलं होतं. त्यानंतर आठ महिने घरी.

म्हणून एवढं ऐक. कोणी तोंडी काम सांगितलं की त्याच संध्याकाळी ‘आपल्या सूचनेनुसार अमुक काम सुरू केले आहे’ असा दोन ओळींचा ईमेल टाक. उत्तर आलं नाही तरी तारीख तर राहते. मूडलमधल्या प्रत्येक कोर्सचा बॅकअप एका फाइलमध्ये उतरवता येतो. तो घेताना ‘युझर्स’वरची खूण काढ, मुलांची नावं-मार्क आपल्याकडे येता कामा नयेत. आणि नोकरीत बनवलेल्या मजकुराचा हक्क, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायद्याने सहसा मालकाचा असतो. तेव्हा बाहेर दाखवायची परवानगी लेखी माग. मी वकील नाही, बारकावे कोणाला तरी विचारून घे.

सगळ्यात बरं म्हणजे स्वतःचा एक नमुना बनव. तुझा इतिहास इथे सोन्यासारखा आहे. १८१७ च्या डिसेंबरात होळकर महिदपूरला हरले आणि ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. आता शिकणाऱ्याला होळकरांच्या बाजूने तहाची बोलणी करणाऱ्या तात्या जोगांच्या जागी बसव. इंग्रज एवढं मागतायत, काय सोडाल, काय राखाल? प्रत्येक निवडीला वेगळी वाट. एचफाइव्हपी या ऑनलाइन धडे बनवायच्या साधनात यासाठी ‘ब्रांचिंग सिनॅरिओ’ नावाचा प्रकार आहे. दहा मिनिटांचाच कर, पण पूर्ण कर. साधन पंधरा दिवसांत येतं. कुठल्या क्षणी काय विचारायचं हे मात्र कोणतंही सॉफ्टवेअर शिकवत नाही, ते आर्ट्सवाल्यांना जमतं. (हा माझा पूर्वग्रह असू शकतो.)

तू विचारलेल्या पंच्याऐंशी हजारांच्या सर्टिफिकेट कोर्सला माझा नकार. ओळखीतल्या एकीला फायदा झालाय, पण तिची नोकरी आधीपासून होती.

इथल्या विद्यापीठाचं ईएमआरसी, म्हणजे शैक्षणिक व्हिडिओ बनवणारं केंद्र, खंडवा रोडवर आहे, स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलसाठी अभ्यासक्रम बनवतं. तिथल्या जाहिरातींवर नजर ठेव. स्वयमच्या कोर्सचे चार भाग असतात, व्हिडिओ, वाचन-साहित्य, चर्चा आणि स्व-मूल्यमापन. व्हिडिओच्या मागे सगळे पळतात, बाकी तिन्हींना लिहिता येणारा माणूस लागतो.

नेट सोडू नकोस. त्यात असिस्टंट प्रोफेसरच्या पात्रतेसाठी वयाची अट नाही, निगेटिव्ह मार्किंगही नाही. एमपी-सेट, म्हणजे नेटसारखी राज्याची परीक्षा, देणार असशील तर ती मध्य प्रदेशातच चालते. लग्न होऊन पुण्याला गेलीस तर तिचा कागद नुसता फाइलमध्ये. हे मला सासरी गेल्यावर कळलेलं नाही, बहिणीवरून कळलंय.

राहिली ऑफर. ‘काउन्सेलर’ म्हणजे बहुतेक ठिकाणी फोनवर कोर्स विकणं. तुमची कंपनी वेगळी असेलही. त्यांना सरळ विचार, महिन्याचं टार्गेट किती आणि ते चुकलं तर पगारातून काय कापता? काय म्हणतात ते इथेच लिही, मी रात्री नऊनंतर असते.