ईसीजी नॉर्मल आला, तरी चढावर दम का लागतो?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. आमच्या डिचोली तालुक्यातील खाणींवर त्यांनी अनेक वर्षे खनिजाचा ट्रक चालवला. २८ वर्षे ते दिवसाला साधारण १५ विड्या ओढत असत. चार वर्षांपूर्वी त्यांनी विडी कायमची सोडली. गेल्या वर्षभरापासून देवळाकडचा चढ चढताना त्यांना मध्येच थांबावे लागते आणि सकाळी खोकल्याबरोबर कफ पडतो. ‘वय झाले, दुसरे काय’ असे ते म्हणतात. आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी नॉर्मल आहे, साखर ठीक आहे, रक्तदाब १४६/८८ भरला. तेथील डॉक्टरांनी एक रंगीत तक्ता पाहून हृदयविकाराचा धोका ‘नारिंगी रकान्यात’ असल्याचे सांगितले. हा धोका कसा काढतात? दम लागण्याचा त्याच्याशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : दम लागला की ईसीजी काढायचा आणि तो चांगला आला की निर्धास्त व्हायचे, हा क्रम आपल्याकडे सर्रास दिसतो. मात्र पडून काढलेला ईसीजी त्या काही सेकंदांतील हृदयाची विद्युतक्रिया तेवढी दाखवतो. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचलेले असूनही तो नॉर्मल येऊ शकतो, आणि श्वासनलिका आकुंचित झाल्या आहेत की नाही हे तर त्यावरून ठरवताच येत नाही. आपल्या वडिलांच्या बाबतीत दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत : पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता किती, आणि आज चढावर जो दम लागतो तो कशाने. तक्ता पहिल्याच प्रश्नासाठी आहे. ज्याला लक्षणे आहेत त्याची तपासणी तक्त्यापाशी थांबवणे मला योग्य वाटत नाही.

आधी तक्त्याविषयी. अशा गणिताचा पाया अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासाने घातला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाच्या २१ विभागांसाठी नवे तक्ते दिले, त्यांत दक्षिण आशियाचा तक्ता स्वतंत्र आहे. ४० ते ७४ वर्षे वयाच्या व्यक्तीचे वय, लिंग, धूम्रपान, वरचा रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल पाहून रकाना ठरतो. रक्त तपासण्याची सोय नसेल तेथे मधुमेह व कोलेस्टेरॉलऐवजी उंची-वजनाचे गुणोत्तर घेतात. नारिंगी रकाना म्हणजे दहा वर्षांत दहा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान धोका. आपल्या वडिलांसारखी शंभर माणसे घेतली, तर त्यांपैकी दहा ते वीस जणांना त्या काळात झटका किंवा पक्षाघात येईल, असा त्याचा अर्थ. ते कोण असतील हे तक्ता सांगू शकत नाही; उपचार किती नेटाने करायचे, हे ठरवायला मात्र त्याचा चांगला उपयोग होतो.

आता या तक्त्याची मर्यादा पाहा, कारण आपल्या वडिलांना ती नेमकी लागू पडते. विडी-सिगारेट सोडून एक वर्ष उलटले की हा तक्ता त्या माणसाला धूम्रपान न करणाऱ्यांत धरतो. हृदयाच्या दृष्टीने त्याला आधार आहे, कारण तंबाखू सुटल्यावर झटक्याचा धोका लवकर उतरू लागतो, आणि त्यासाठी आपल्या वडिलांचे मनापासून कौतुक केले पाहिजे. फुप्फुसांची गोष्ट निराळी आहे. विडी सोडल्यानंतर त्यांची झीज मंदावते, परंतु गेलेली क्षमता भरून येत नाही. दिवसाला २० हे एक पाकीट धरून वर्षांनी गुणण्याची आमची रीत आहे; त्या हिशेबाने १५ विड्या आणि २८ वर्षे म्हणजे २१ ‘पॅक-इयर’ होतात. दहाच्या पुढे गेलेल्या आणि दम किंवा खोकला असलेल्या माणसाची फुप्फुसे तपासल्याशिवाय राहू नये. विडी लहान म्हणून सौम्य, हा समजही सोडावा. तिच्या धुरात डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतात. शिवाय खाणीवरची धूळ तक्त्यात कोठेच विचारलेली नाही.

वडिलांच्या लक्षणांवरून मला सर्वप्रथम सीओपीडीची, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या दीर्घकालीन विकाराची, शंका येते. त्याचे निदान स्टेथोस्कोपने किंवा एक्स-रेने पक्के होत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्रीच लागते. रुग्णाला खुर्चीवर ताठ बसवतात, नाकाला चिमटा लावतात, छातीभर श्वास घ्यायला सांगतात आणि मग तोंडातील नळीत एका झटक्यात, सर्व जोर लावून, शेवटचा श्वास संपेपर्यंत फुंकायला लावतात. तंत्रज्ञ शेजारी उभा राहून ‘फुंका, फुंका, अजून फुंका’ म्हणत असतो, आणि ते आवश्यकच आहे, कारण अर्धवट फुंकलेली चाचणी दिशाभूल करते. किमान तीन प्रयत्न नीट जुळून यावे लागतात. मग श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध पंपाने देऊन दहा-पंधरा मिनिटांनी तेच पुन्हा करतात. समजा, औषधानंतर पहिल्या सेकंदात १.४ लिटर हवा बाहेर पडली आणि एकूण २.५ लिटर, गुणोत्तर ०.५६ झाले. ते ०.७० पेक्षा कमी असेल आणि सोबत अशी लक्षणे व असा पूर्वेतिहास असेल, तर सीओपीडीचे निदान होते. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ती आधी सांगावी; अशा वेळी चाचणी पुढे ढकलतात.

ही चाचणी वेळेवर लिहून दिली जात नाही, याचे मला फार वाईट वाटते. बांबोळीच्या गोमेकॉमध्ये, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, श्वसनरोग विभाग आहे. आरोग्य केंद्रातून तेथे चिठ्ठी मागून घ्यावी. त्याच वेळी छातीचा एक्स-रे काढावा, कारण धुळीत सिलिका असल्यास होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा विकार आणि पूर्वी होऊन गेलेल्या क्षयरोगाचे व्रण या दोहोंचा विचार करावा लागेल. वडील रात्री उशा वाढवून झोपत असतील, झोपेतून गुदमरून उठत असतील किंवा संध्याकाळी पायांवर सूज येत असेल, तर हृदयाची ताकद कमी झाल्याचा संशय घ्यावा आणि इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावा. दोन्ही विकार एकाच माणसात असणे मुळीच दुर्मीळ नाही.

दम आणि हृदय यांचा संबंध विचारलात, तो येथेच आहे. कारणे बहुतांशी सामाईक आहेत : धूर, वाढते वय, हालचाल कमी होणे. त्यापलीकडे, फुप्फुसांची क्षमता जितकी घटलेली तितका हृदयविकाराने दगावण्याचा धोकाही अधिक आढळतो. सीओपीडीचा जोराचा झटका येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता चांगलीच वाढते. ब्रिटनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या क्यूआर-४ या नव्या गणितात सीओपीडीला धोक्याचा स्वतंत्र घटक म्हणून स्थान मिळाले. आपल्याकडे वापरात असलेल्या तक्त्यात ते नाही, म्हणून निदान झालेच तर वडिलांचा धोका नारिंगी रकान्याच्या वरच्या टोकाकडे आहे असे समजून मी उपचार ठरवीन.

एकदा भरलेल्या १४६/८८ वरून रक्तदाबाचा आजार ठरत नाही. पाच मिनिटे शांत बसवून, वेगवेगळ्या दिवशी, पुन्हा मोजावा. कोलेस्टेरॉल तपासावे. पावसाळ्यात घरोघरी खारे बांगडे, सुकी सुंगटे आणि लोणची यांवर जेवण निघते, त्यातील मीठ रक्तदाब वाढवते. ते मोजकेच खावे. फ्लू आणि न्यूमोकोकल लस घ्यावी. पंप सुरू करायचा झाला तर ‘त्याची सवय लागते’ या भीतीने तो टाळू नये, ती भीती निराधार आहे. मात्र छातीत दडपण आले, घाम फुटला, दम एकाएकी वाढला किंवा ओठ निळसर झाले, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा.

प्रश्न : माझे वय ४७ आहे. तंबाखूला मी कधी हात लावलेला नाही. घरी गॅस आहे, पण आंघोळीचे पाणी आजही चुलीवरच तापते आणि काजूच्या हंगामात आमच्या भट्टीवर दिवसदिवसभर विस्तवाजवळ बसावे लागते. थोडा खोकला आहे. नवऱ्याची तपासणी झाली, माझी कोणी केली नाही. मला गरज आहे का?
— एक वाचिका, सत्तरी

उत्तर : आहे, आणि आपण हे विचारलेत ते फार बरे केले. लाकडे, सोडणे (नारळाची सालपटे), चुडते (नारळाच्या झावळ्या) यांच्या धुराने विडी न ओढणाऱ्या स्त्रियांनाही सीओपीडी होतो. बिनसंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील प्रत्येकासाठी जी प्रश्नावली आहे, तिच्यात स्वयंपाकाचे इंधन आणि कामावरचा धूर किंवा धूळ यांची नोंद करायची असते. आरोग्य कर्मचारी आल्यास पाणी तापवण्याची चूल आणि भट्टी, दोन्ही आवर्जून सांगा. ‘घरी गॅस आहे’ एवढ्यावर तो रकाना बंद होऊ देऊ नका. खोकला असल्याने आपणही स्पायरोमेट्री करून घ्यावी. दोन आठवडे उलटूनही खोकला थांबत नसेल, तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी आधी व्हावी.

हृदयासाठी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर पाहावा. आपल्याकडील स्त्रियांमध्ये घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे असणे धोक्याचे मानतात. गरोदरपणी रक्तदाब किंवा साखर वाढली होती का, पाळी चाळिशीच्या आत थांबली का, आई-वडिलांना किंवा भावंडांना कमी वयात झटका आला होता का, हे तक्ता विचारत नाही, पण धोका ठरवताना त्याचे वजन मोठे असते. बाळंतपणाची जुनी कागदपत्रे घरात असतील तर ती सोबत न्यावीत.