ताई, ट्रफल ऑइल फोडणीत टाकू का?

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं इम्पोर्टेड सामानाबद्दलच आहेत. दिवाळीचे हॅम्पर उघडून झालेत, थर्टी फर्स्टचे बेत ठरतायत आणि कपाटात अशा बाटल्या उभ्या आहेत की ज्यांचं काय करायचं ते कुणालाच माहीत नाही. त्यामुळे लोणची-पापड पुढच्या अंकात, आज हेच.

प्रश्न : ताई, मी लंडनला असते. सासूसासरे पुण्याहून आलेत, दोघंही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. मागच्या शनिवारी मित्रमंडळी जेवायला होती म्हणून पास्ता केला, वरून भरपूर पार्मेजान किसलं, आईंना इतकं आवडलं की दोनदा मागून घेतलं. नंतर एक मैत्रीण म्हणाली ते व्हेज नसतं. खरंय का? आणि आता आईंना सांगू की गप्प बसू?
— एक वाचक, लंडन

उत्तर : मैत्रीण बरोबर बोलली. पार्मिजानो रेजानोमध्ये तीनच गोष्टी असतात, गाईचं दूध, मीठ आणि रेनेट म्हणजे दूध घट्ट करणारं विरजणासारखं एन्झाइम, आणि हे रेनेट वासराच्या जठरातून काढलेलं असतं. नियमच तसा आहे, दुसरं रेनेट वापरलं तर त्या नावाने विकता येत नाही. ग्राना पादानो या तशाच दुसऱ्या इटालियन चीजचंही तेच, वर त्यात बऱ्याचदा लायसोझाइम म्हणून अंड्यातून काढलेला एक घटक असतो, म्हणजे तुमच्या घरी ते दोन्हीकडून बाद.

तुमच्याकडे सुपरमार्केटमध्ये 'इटालियन स्टाइल हार्ड चीज' अशा काहीतरी नावाने व्हेज प्रकार मिळतो. त्याला सरळ पार्मेजान म्हणत नाहीत कारण ते नाव पार्मिजानो रेजानोसाठीच राखीव आहे, युरोपियन कोर्टाने २००८ मध्ये तसा निकाल दिला होता. म्हणजे तिथे पाकिटावर नुसतं 'पार्मेजान' लिहिलेलं दिसलं की समजायचं, आईंच्या ताटात नाही. आपल्याकडे भारतात उलट, 'पार्मेजान' लिहिलेलं पण हिरव्या ठिपक्याचं चीज सर्रास मिळतं, त्यात रेनेट मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं असतं, त्यामुळे नावावर नाही तर ठिपक्यावर बघायचं.

आता सांगायचं का. सांगाच. पाहुण्यांसमोर नाही, जेवताना नाही, दोघीच असाल तेव्हा सांगा की आई, मला माहीत नव्हतं, त्यात असं असं असतं, यापुढे व्हेजवालं आणते. दोन दिवस जरा गार वाटेल घरात, वाटू दे. पण ज्यांना पदार्थ आवडलाय त्या उद्या परत मागणार, पुण्याला जाताना नाव लिहून घेणार, तिकडे कुणीतरी गूगल करून दाखवणार, आणि मग प्रश्न चीजचा राहणार नाही, तुम्ही लपवलंत याचा होईल.

आणि एवढ्यावर थांबू नका, फ्रीजमधल्या बाकीच्या बाटल्याही वाचून काढा. तयार पेस्टोमध्ये बहुतेक हीच चीजं असतात, वुस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, थाई करी पेस्टमध्ये सुकट असते, किमचीत फिश सॉस, मार्शमेलो आणि पन्नाकोटात जिलेटिन आणि तिरामिसूत कच्चं अंडं. जिलेटिनच्या जागी आपला चायना ग्रास चालतो, फक्त तो नीट उकळून विरघळवावा लागतो आणि सेट झाल्यावर जिलेटिनसारखा तोंडात विरघळत नाही, जरा तुटतो. चायना ग्रासचा एक फायदा, ताजं अननस किंवा किवी घातलं तरी तो सेट होतो, जिलेटिन होत नाही.

उरलेला तुकडा टाकून देऊ नका, महाग असतो आणि तुम्ही दोघं खाताच. बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात, फ्रीजच्या भाजीच्या खणात. आत पांढरे कडक दाणे दिसले तर घाबरायचं नाही, ती बुरशी नव्हे, चीज मुरलं की अमिनो आम्लाचे स्फटिक तयार होतात, चांगल्या जुन्या चीजची खूण आहे ती. बाहेरची कडक साल सूपमध्ये टाकून अर्धा तास उकळा, काय चव येते! फक्त ते सूप कुणी प्यायचं हे तेवढं आधी ठरवा.

प्रश्न : ऑफिसमधून दिवाळीला हॅम्पर मिळाला त्यात ट्रफल ऑइलची छोटी बाटली होती. मी बटाट्याच्या भाजीला त्याचीच फोडणी दिली, मोहरी-हिंग सगळं घालून. घरभर गॅस लीक झाल्यासारखा वास, मिस्टरांनी रेग्युलेटर बंद केला. बाटली खराब होती का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : बाटली छान होती हो, फोडणी चुकली. आणि मिस्टरांचंही काही चुकलं नाही, ट्रफलचा वास गंधकाच्या संयुगांचा असतो आणि सिलेंडरच्या गॅसला मुद्दाम जो वास दिलेला असतो तोही गंधकाच्याच संयुगाचा.

ट्रफल म्हणजे जमिनीखाली ओकसारख्या झाडांच्या मुळांशी वाढणारी बुरशी, माग काढायला शिकवलेली कुत्री लागतात आणि भाव ऐकला तर पाणी प्यावं लागतं. मग हॅम्परमध्ये ती कशी परवडते? तर बहुतेक ट्रफल ऑइलमध्ये ट्रफल नसतेच. ऑलिव्ह किंवा दुसऱ्या तेलात वास घातलेला असतो, त्यातलं मुख्य रसायन लॅबमध्ये बनतं. लेबलवर 'फ्लेवर' किंवा 'अरोमा' असं लिहिलेलं सापडेल, तळाशी एखादा काळा तुकडा तरंगत असला तरी तो शोभेचा. मला स्वतःला हे तेल फार आवडत नाही, पहिल्या घासाला वाह, पाचव्या घासाला पुरे. पण आलंय घरात तर वापरा. गॅस बंद केल्यावर, ताटात वाढताना, चार माणसांच्या बाऊलवर अर्धा चमचा, बस. गरम फ्रेंच फ्राइज, मॅश केलेला बटाटा, मश्रूम टोस्ट, पॉपकॉर्न, साधं ऑम्लेट. जिथे हिंग, गोडा मसाला, लसूण आहे तिथे अजिबात नको, दोन्ही वास भांडतात आणि कुणीच जिंकत नाही. बाटली उघडलीत ना, मग आता अंधारात ठेवा आणि दोनतीन महिन्यांत संपवा, वास उडून जातो.

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला पंधरा मोठी माणसं येणारेत. तिला रिसोटोच हवाय, तो इटालियन मऊसर भात. त्यासाठीचा आरबोरिओ तांदूळ आणलाय पण सगळीकडे लिहिलंय की लगेच वाढावा लागतो. मग मी पूर्ण वेळ गॅसपाशीच उभी राहू का? आणि इंद्रायणीचा केला तर कुणाला कळेल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गॅसपाशी उभं राहायचं नाही. हॉटेलवालेही ऑर्डर आल्यावर पहिल्यापासून करत नाहीत.

आधी प्रमाण. मेन कोर्स असेल तर माणशी ७० ते ८० ग्रॅम, म्हणजे पंधरा जणांना एक किलोच्या थोडा वर, सोबत ब्रेड-सॅलड-स्टार्टर असेल तर किलोभर भरपूर झाला. दोन पसरट भांड्यांत करा, एकात किलोभर हलवताना खालचा गाळ होतो आणि वरचा कच्चा राहतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तांदूळ धुवायचा नाही. मला माहितीय हात आपोआप नळाखाली जातो, पण रिसोटोचा जो सॉस होतो तो त्या तांदळाच्या स्टार्चचाच, तो धुऊन टाकलात तर नुसता पुलाव. बटर आणि ऑलिव्ह ऑइलवर बारीक कांदा, लाल करायचा नाही, मग कोरडा तांदूळ घालून दोनतीन मिनिटं परतायचा, दाण्याची कड काचेसारखी आरपार दिसायला लागते आणि मधे पांढरा ठिपका राहतो, तोपर्यंत. मग व्हाइट वाइन, नाशिकला राहता म्हणजे तो प्रश्नच नाही, आणि ती पूर्ण आटू द्यायची. वाइन नको असेल तर शेवटी लिंबू पिळा. मग शेजारच्या गॅसवर उकळता ठेवलेला व्हेज स्टॉक डावाडावाने. क्यूबचा स्टॉक असेल तर मीठ शेवटपर्यंत घालायचं नाही, क्यूब खारट, चीज खारट.

आता युक्ती. दहाबारा मिनिटांनी दाणा बाहेरून मऊ आणि आत कच्चा असतो, तिथे गॅस बंद. लगेच दोन मोठ्या परातींत पातळ पसरायचा, पंख्याखाली गार करायचा आणि झाकून फ्रीजमध्ये. हे सकाळी करून ठेवा. भात खोलीत तासन्‌तास उघडा ठेवायचा नाही, त्याने पोट बिघडतं, नुसती म्हणायची गोष्ट नाही ही. पाहुणे सूप पीत असतील तेव्हा कढत स्टॉक घालून पाचसहा मिनिटं हलवा, गॅस बंद करून मग थंड बटरचे तुकडे आणि किसलेलं चीज. ताट वाकडं केलं की हळूच पसरला पाहिजे, डावावरून गोळा पडला तर अजून डावभर स्टॉक.

इंद्रायणीचं म्हणाल तर चिकटपणा येतो, पण दाणा मधे कणीदार राहत नाही, लवकर मऊ पडतो, आणि त्याचा स्वतःचा वास आहे जो आपल्याला वरणासोबत हवाहवासा वाटतो पण मश्रूम-चीजसोबत मधे मधे येतो. घरच्या घरी मंगळवारी रात्री करायला झकास. पंधरा जणांसाठी, सकाळी अर्धा शिजवून ठेवायचा असेल तेव्हा मात्र आरबोरिओच, इंद्रायणी दुसऱ्यांदा गरम करताना टिकणार नाही.

प्रश्न : वर्षभराचं म्हणून पाच लिटर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह ऑइल सेलमध्ये घेतलं. पुऱ्या तळू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नको. पैसे दिलेत ते वासाचे, तो कढईत जातो. पुऱ्यांना शेंगदाण्याचं तेलच बरं. आणि वर्षभर पुरवायचं नसतं हे तेल, हवा-उजेड-उष्णता तिन्हींनी खवट होतं, त्यामुळे छोट्या गडद बाटल्यांत काठोकाठ भरा, गॅसपासून लांब ठेवा, तीनचार महिन्यांत संपत नसेल तर बहिणींना वाटा.

प्रश्न : मुंबईच्या दुकानात 'फारो' नावाचं इटालियन धान्य बघितलं, सॅलडसाठी. किंमत बघून परत ठेवलं. त्याला काही पर्याय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सांगलीत बसून विचारताय! फारो म्हणजे बहुतेक वेळा आपला खपली गहूच, शास्त्रीय नाव एकच, ट्रिटिकम डायकोकम. तुमच्याकडे ज्याची खीर करतात तोच. फरक इतकाच की तिकडचा बराचसा फारो वरून पॉलिश केलेला असतो म्हणून पाऊण तासाच्या आत शिजतो. तुम्ही खिरीसाठी कांडून कोंडा काढलेली खपली मिळते ती घ्या, रात्रभर भिजवा, कुकरला दोनतीन शिट्ट्या, दाणा चावताना जरा दाताला लागला पाहिजे, फुटला तर खीरच करा. निथळून गार झाल्यावर टोमॅटो, काकडी, कांदा, फेटा चीज, लिंबू, आता कुठे ते ऑलिव्ह ऑइल. मी तर डाळिंबाचे दाणेपण घालते. पाहुण्यांमध्ये कुणाला सीलिॲक, म्हणजे ग्लुटेन न चालण्याचा आजार असेल तर मात्र हे चालणार नाही, खपलीत ग्लुटेन असतंच, 'जुना गहू आहे म्हणून चालतो' असं बरेच जण सांगतात ते ऐकू नका.

प्रश्न : बाल्सामिक व्हिनेगर चारपाचशेलाही आहे आणि हजारो रुपयांनाही. नक्की काय घेऊ?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : त्या दोन वेगळ्याच वस्तू आहेत. महागडं ते 'त्राडिझिओनाले', फक्त द्राक्षांचा आटवलेला रस लाकडी पिंपांत किमान १२ वर्षं मुरवलेला, 'एक्स्ट्राव्हेकिओ' असेल तर २५ वर्षं. मोडेनाचं असेल तर एकाच आकाराच्या १०० मिलीच्या बाटलीत येतं, ती बाटली जुजारो या मोटारींच्या डिझायनरने बनवलीय. स्वस्त ते वाइन व्हिनेगर आणि द्राक्षाच्या रसाचं मिश्रण, किमान ६० दिवस ठेवलेलं, रंगाला कॅरमलही चालतं. तुम्ही स्वस्तच घ्या, फक्त घटकांच्या यादीत व्हिनेगरच्या आधी द्राक्षाचा रस लिहिलेला बघून. कपभर घेऊन मंद गॅसवर निम्मं आटवा, चिमणी चालू ठेवून, नाहीतर डोळ्यांतून पाणी. गार झालं की दाट होतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आलीच आहे बाजारात, अर्ध्या करून त्यावर हे दोन चमचे आणि चिमूटभर ताजी मिरपूड, गोडाचा पदार्थ तयार.

प्रश्न : तुमचं सदर आवडतं पण हे परदेशी चोचले कशाला? आपल्या स्वयंपाकघरात काय कमी आहे?
— एक वाचक, औरंगाबाद

उत्तर : काहीच कमी नाही काका. पण तुमच्या आमटीतला हिंग येतो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून. भारतात त्याची लागवड करून बघायला सुरुवात झाली ती ऑक्टोबर २०२० मध्ये, हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात. तोपर्यंत आपण सगळे इम्पोर्टेडच खात होतो, आणि अजूनही मुख्यतः तेच.

प्रश्न : आमच्यासाठी तर महाराष्ट्रच इम्पोर्टेड! मराठी मित्रमंडळींना फराळाला बोलावलंय, अनारसे करायचेत. आई येताना खसखस आणू का म्हणून विचारतेय, इथे कुठेच मिळत नाही.
— एक वाचक, दुबई

उत्तर : आणू देऊ नका! आजच फोन करा. मिळत नाही कारण यूएईमध्ये खसखशीवर बंदी आहे, अफूच्या झाडाचं बी ना ते. सूटकेसमध्ये पुडी सापडली तर 'अनारशांसाठी आहे' हे विमानतळावर कुणी ऐकून घेणार नाही. आईंच्या सामानात मसाल्याच्या पुड्या असतील तर त्याही एकदा वाचायला सांगा, बऱ्याच तयार मसाल्यांत खसखस असते. अनारसे पांढऱ्या तिळांवर थापा किंवा बारीक रव्यावर. तीळ वापरलेत तर गॅस जरा कमी ठेवा, ते खसखशीपेक्षा लवकर लाल होतात. तिळाची बाजू वर ठेवून तुपात सोडा, उलटायचं नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहा.