नागपुरात राहून देशी गोगलगायींचा अभ्यास करता येतो का? सुरुवात कुठून करू?

येतो की, नक्की येतो. फक्त आधी एक ध्यानात घ्या, पावसाळ्यात अंगणात सगळ्यात आधी नजरेत भरते ती बहुतेक देशी नसतेच. ती मोठी तपकिरी पट्ट्यांची शंखी गोगलगाय आफ्रिकेची, १८४७ साली मॉरिशसहून कोलकात्याला आणून सोडलेली, २०२२ ला मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपं हिनंच फस्त केली. कुंडीखाली चिकटलेली काळी, चपटी, पाठीवर फिकट रेघवाली बिनशंखाची, ती पण मूळची आफ्रिकेचीच.

देशी बऱ्याच लहान असतात, काही तर तांदळाच्या दाण्याएवढ्या, त्यामुळे उभ्या उभ्या दिसतच नाहीत. मी पहिला अख्खा पावसाळा सेमिनरी हिल्सवर नुसता चालत राहिलो आणि हाती काही लागलं नाही, मग एका सरांनी सांगितलं की बाबा खाली बस. तेव्हापासून घरच्या बागेतला मूठभर पालापाचोळा पिठाच्या चाळणीत घेतो, पांढऱ्या कागदावर चाळतो, भिंगानं पाहतो आणि पाला होता तिथंच परत टाकतो (जंगलात असं करायचं तर वनविभागाची परवानगी आधी घ्या).

शंख सापडला की टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरायचं. तोंड उजवीकडे आलं तर उजवा शंख, बहुतेक असेच असतात, डावा निघाला तर तो फोटो जपून ठेवा. वेढे मोजा, खालून बेंबीसारखं भोक आहे का पाहा, फोटो तिन्ही बाजूंनी काढा, शेजारी स्केल ठेवून. तोंडावर कागदासारखा पातळ पापुद्रा असेल तर तिला मेलेली समजू नका हो, आपल्या उन्हाळ्यात ती चिकट स्राव वाळवून दार बंद करते आणि आत झोपून राहते, पाऊस आला की उठते. म्हणून घरी फक्त रिकामे शंख आणा. मिठाचा प्रयोग तर कधीच नको, फार हाल होऊन मरतात बिचाऱ्या.

हात साबणानं धुवा, यांच्यात उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात, माणसाच्या मेंदूपर्यंत जातात.

आणि चिठ्ठी. माझ्याकडे एक डबाभर शंख आहेत ज्यांवर जागा, तारीख काहीच नाही, आज ते अभ्यासाला काहीच कामाचे नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून लिहा, कोणत्या झाडाखाली, पाऊस कधी झाला होता, किती वेळ शोधलं, आणि काही नाही सापडलं तर तेही.