वाचकांचे प्रश्न : जळलेली वीज जाते तरी कुठं?

गेल्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, ऊर्जा संपत नाही, नुसती रूप बदलते म्हणून, आणि त्यावर इतके प्रश्न आले की यावेळी दुसरा विषय घ्यायचाच नाही असं ठरवलं. बहुतेक प्रश्न आपल्या कोल्हापुरातलेच आहेत, गुऱ्हाळातले, फौंड्रीतले, धरणाजवळचे, घरच्या बिलावरचे. मला फार बरं वाटलं. कारण यांत्रिक, उष्णता, रासायनिक, विद्युत, प्रकाश, ध्वनी ही पुस्तकातली यादी पाठ करून काहीच हाताला लागत नाही, आपण रोज जे वापरतो त्यात ती बघितली की मगच कळते.

प्रश्न : ऊर्जा नष्ट होत नाही असं मुलाच्या पुस्तकात आहे. मग दर महिन्याला मी बिल कशाचं भरते? युनिट संपतात म्हणूनच ना? (एक गृहिणी, राजारामपुरी)

ताई, हा प्रश्न वर्गात विचारायला मुलं लाजतात, तुम्ही विचारलात ते फार छान केलंत. तुमच्या बेडरूमचा पंखा घेऊ. साधा जुना पंखा ७५ वॅटचा, रात्री आठ तास चालला की ०.६ युनिट होतात (हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट). आता ही ०.६ युनिट कुठं गेली बघा. मोटरनं पाती फिरवली, पात्यांनी हवा ढकलली, ती हवा भिंतीला, पडद्याला आणि स्वतःलाच घासून थांबली आणि घासलं की ऊब आली. थोडी वीज मोटरमधलं तारेचं वेटोळं, म्हणजे वाइंडिंग, तापण्यात गेली, सकाळी पंखा बंद केल्या केल्या स्टुलावर चढून मधल्या वाटीला हात लावून बघा, चांगली गरम लागते. घुर्र आवाज झाला तोही भिंतीत जिरून ऊबच झाला. म्हणजे सगळीच्या सगळी ०.६ युनिट खोलीत उष्णता होऊन पडलेली आहे. पंखा खोली गार करत नाही, आपला घाम वाळवतो म्हणून आपल्याला गार वाटतं. रिकाम्या बंद खोलीत पंखा चालू ठेवला तर खोली उलट किंचित तापते.

आता गीझर बघा. २० लिटरची बादली २० अंशावरनं ४५ अंशावर न्यायला साधारण ०.५८ युनिट लागतं. जवळजवळ तेवढंच! म्हणजे पंख्यानं रात्रभर खोलीत जेवढी ऊब सोडली तेवढ्यात तुमची आंघोळ झाली असती. पण ती ऊब गोळा करून बादलीत भरता येईल का, तर नाही येत. वीज म्हणजे बंदा रुपया, त्याचं काहीही घेता येतं, आणि खोलीभर पसरलेली ऊब म्हणजे रस्त्यावर सांडलेली चिल्लर, रक्कम तेवढीच पण वेचणार कोण. बिल आपण त्या बंद्या रुपयाचं भरतो.

आणि एक सांगतो, बिल कमी करायचं असेल तर तापवणाऱ्या वस्तूंकडं आधी बघा. १००० लिटर पाणी १० मीटर उंच टाकीत चढवायला नुसत्या हिशेबानं ०.०३ युनिटसुद्धा लागत नाही, पंपाची सगळी गळती धरली तरी ०.१ च्या आसपास. एक बादली तापवण्याच्या विजेत अख्खी टाकी पाच-सहा वेळा भरते. हे पहिल्यांदा गणित करून बघितलं तेव्हा माझाच विश्वास बसला नव्हता, मी तीनदा मांडलं.

प्रश्न : आमचं गुऱ्हाळ आहे. आजोबा म्हणत्यात चिपाड वाळल्याशिवाय चुलवाणात (काहिलीखालच्या चुलीत) घालायचं नाही, आदण (काहिलीतला रस आटायचं काम) लांबतंय. दुसरं म्हणजे रस उकळायला लागल्यावर किती तरी वेळ तापमान वाढतच नाही आणि शेवटी भराभर चढतंय, जाळ तर सारखाच असतोय. असं का? (एक तरुण, करवीर तालुका)

आजोबांचं शंभर टक्के बरोबर आहे. घाण्यातनं नुकतंच निघालेलं चिपाड हाताला कोरडं वाटलं तरी त्यात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ते तसंच चुलवाणात घातलं तर जाळाला आधी ते पाणी उकळून वाफ करावी लागते, ती वाफ धुराड्यातनं वर जाते आणि जाताना तुमची उष्णता घेऊन जाते. शिवाय जाळ थंड पडतो, मग चिपाड नीट जळत नाही आणि काळा धूर होतो, आणि काळा धूर म्हणजे काय तर न जळलेलं जळण, काहिलीखाली जळायचं ते आभाळात गेलं. अंगणात पसरून वाळवलं की तेच पाणी ऊन काढून टाकतं, फुकटात.

आता दुसरा प्रश्न, हा मला फार आवडला. एक लिटर पाणी २५ अंशावरनं १०० अंशावर न्यायला साधारण ३१५ किलोज्यूल लागतात (हे ऊर्जेचंच छोटं माप, एका युनिटात ३६०० किलोज्यूल), पण त्याच १०० अंशाच्या पाण्याची १०० अंशाचीच वाफ करायला २२६० किलोज्यूल लागतात. सातपट! रसात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळं चुलवाणाची बहुतेक सगळी मेहनत रस तापवण्यात जात नाही, पाणी उडवण्यात जाते. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात ती पकड सोडवायला ऊर्जा लागते, तापमापीवर ती दिसत नाही, म्हणून तिला पुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात. पाणी उडत गेलं की उरलेला पाक दाट होतो आणि दाट पाकाला उकळायला जास्त तापमान लागतं, मग पारा वर सरकायला लागतो, आणि ११५ ते १२० अंशाच्या दरम्यान गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, उलथण्यानं थोडा पाक घेऊन गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी होतेय का बघतो. त्या गोळीत त्याला तापमान कळतं, पाणी किती उरलंय ते कळतं. एवढ्यात दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ करपतो, कारण आता वाफ होऊन उष्णता नेणारं पाणीच उरलेलं नसतं, सगळा जाळ सरळ साखरेवर येतो. म्हणूनच बघा, शेवटी जाळ घालणाऱ्या चुलवाण्याला जाळ कमी कर म्हणून ओरडतात.

आणि ही ऊर्जा मुळात आली कुठनं? उसाच्या पानावर पडलेलं ऊन. त्यातला जेमतेम शेकडा एक-दोन भाग ऊस साठवतो, काही साखरेत काही चिपाडात, म्हणजे चुलवाणात जळतं ते गेल्या वर्षभराचं ऊनच आणि काहिलीत आटतं तेही तेच ऊन. पुढं आपण गूळ खातो. १०० ग्रॅम गुळात साधारण १६०० किलोज्यूल. ६० किलोचा माणूस ४०० मीटरचा डोंगर चढला तर २३५ किलोज्यूल उंचीत साठतात, पण आपले स्नायू खाल्लेल्यातला फार तर पाव भागच कामाला लावतात, बाकीची उष्णता होते आणि तीच अंगातनं काढून टाकायला घाम येतो. म्हणजे त्या चढाला ६० ग्रॅमच्या आसपास गूळ लागला. तालमीत जोर मारताना पहिलवानाच्या अंगातनं थंडीच्या दिवसात वाफा निघताना मी लहानपणी पहाटे बघितलेल्या आहेत, तो उरलेला पाऊण भाग.

प्रश्न : इलेक्ट्रिक स्कूटरवरनं पन्हाळ्यावरनं उतरताना बॅटरी चार्ज होते म्हणे, खरं का? (एक कॉलेज विद्यार्थी, कसबा बावडा)

तुझ्या गाडीला ती सोय असेल तर खरं आहे, पण फार आशा ठेवू नकोस. उतारावर मोटरच उलटी जनित्र होते, चाक तिला फिरवतं आणि वीज बॅटरीत जाते. गाडी आणि तू मिळून १८० किलो, उतरायची उंची ३०० मीटर धरली तर सगळी मिळून ०.१५ युनिट होते, त्यातली निम्मी हाताला लागली तरी खूप. चढताना यापेक्षा कितीतरी जास्त गेलेली असते. पण साध्या गाडीत ही सगळी ०.१५ युनिट ब्रेक शू घासून तापण्यात जाते, त्यामुळं मिळतंय ते कमी समजू नकोस आणि लांब उतारावर ब्रेक सारखा दाबून धरू नकोस, शू तापले की पकड जाते.

प्रश्न : शिरोलीला फौंड्रीत इंडक्शन फर्नेसवर काम करतो. आत आग नाही, कोळसा नाही, बाहेरची कॉईल तर पाण्यानं गार ठेवलेली असते, मग आतलं लोखंड वितळतं कसं? (एक कामगार)

दादा, तुमच्या भट्टीत उष्णता बाहेरनं आत जातच नाही, ती लोखंडाच्या पोटातच जन्माला येते. कॉईलमधला करंट सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो, त्यामुळं तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तेवढ्याच वेगानं उलटंपालटं होतं आणि त्यानं आतल्या स्क्रॅपमध्ये पाण्यातल्या भोवऱ्यासारखे करंट फिरायला लागतात. लोखंड त्यांना अडवतं, अडवलं की तापतं. कॉईल तांब्याची असते कारण तांबं कमी अडवतं, तरी एवढ्या करंटला तीही तापते म्हणून पाणी. ते पाणी कूलिंग टॉवरला गरम होऊन जातं ना, ती तुमच्या मालकाच्या बिलातली गळती.

आणखी एक तुम्ही रोज बघत असणार, लोखंडाचा रस झाल्यावर तो मधोमध फुगल्यासारखा वर येतो आणि आपोआप ढवळत राहतो, हलवायला आत काहीच नसताना. तेच चुंबकीय क्षेत्र त्या करंटला ढकलतंय. म्हणजे एकाच भट्टीत विजेची उष्णता पण होतेय आणि हालचाल पण.

एक टन कास्ट आयर्न वितळवून ओतायच्या तापमानाला न्यायला नुसत्या हिशेबानं चारशेच्या आत युनिट पुरतात, प्रत्यक्षात चांगल्या भट्टीला साडेपाचशे-सहाशे लागतात. झाकण उघडं ठेवलं तर तोंडातनं जो लालबुंद उजेड येतो, तो आपल्या चेहऱ्याला भाजतो, तीही युनिटंच आहेत. झाकण लावण्याचा कंटाळा करू नका.

यात मला खटकणारी गोष्ट अशी की ही वीज जिथनं येते त्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून जी उष्णता होते तिच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचीच वीज होते. विजेची उष्णता पूर्ण होते, पण उष्णतेची वीज कधीच पूर्ण होत नाही, ही अडचण यंत्राच्या बनावटीची नाही, निसर्गाचीच आहे, आणि फ्रान्सच्या सादी कार्नोनं १८२४ मध्येच ती ओळखली होती, तेव्हा वीजकेंद्र नावाची गोष्टही नव्हती. त्याच्याही आधी १७९८ मध्ये काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञानं नुसत्या घासण्यानं उष्णता होते हे दाखवताना म्युनिकमधल्या तोफा बोअर करण्याच्या कामाबद्दल लिहिलं. बोथट ड्रिल, फिरवायला घोडे, आणि तोफेभोवती पेटीत पाणी. अडीच तासात पाणी उकळलं, आग कुठंच नाही. तुमच्या मशीन शॉपमध्ये लेथवर कूलंट, म्हणजे गार ठेवणारं पाणी, का सोडतात, त्याचं उत्तर त्या पेटीत आहे.

प्रश्न : आमच्या राधानगरी धरणाचे दरवाजे वीज नसताना आपोआप उघडतात. एवढा जड दरवाजा उचलायला ऊर्जा कुठून येते? (इयत्ता नववी, राधानगरी)

बाळा, पाणीच उचलतं. दरवाजा असा तोलून बसवलाय की पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की त्याच्या दाबानं तो उघडतो आणि पाणी उतरलं की बंद होतो. शाहू महाराजांनी ज्या धरणाचं काम सुरू केलं त्या धरणाचे हे सात दरवाजे, पावसाळ्यात ते उघडले की इकडं कोल्हापुरात सगळ्यांचे मोबाईल वाजायला लागतात आणि राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला कधी पोचते याकडं डोळे लागतात.

पाणी उंचावर नुसतं थांबलेलं असतं तरी त्याच्यात ऊर्जा असते, तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. ते उंचावर नेलं कुणी? सूर्यानं समुद्राची वाफ केली आणि ढग सह्याद्रीला अडले. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी येतं, म्हणजे सेकंदाला साधारण ४०,००० लिटर. ते समजा १० मीटर खाली पडलं तर दर सेकंदाला एका युनिटपेक्षा जास्त ऊर्जा सुटते. वीजगृहातून गेलेल्या पाण्याची वीज होते, दरवाजातून पडलेल्याचा मात्र गडगडाट होतो, फेस होतो, खालचा खडक झिजतो आणि शेवटी पाणीच थोडं कोमट होतं. किती, तर ०.०२ अंश. इंग्लंडच्या जेम्स ज्यूलनं १८४० च्या दशकात खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून अशीच बारीकशी वाढ मोजली होती, त्याच्याच नावाचं एकक तू गणितात लिहितेस. तू एक कर, जाड तार घे, एकाच जागी वीस वेळा भरभर वाकव आणि ती जागा लगेच मनगटाला लाव. जपून, चटका बसण्याइतकी तापते.

प्रश्न : मेव्हण्यांनी पाण्यावर मोटारसायकल चालवायचं किट बुक करायचं ठरवलंय, व्हिडिओत चालताना दाखवतात. मी पण घेऊ का? (इचलकरंजी)

नका घेऊ. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राख आहे. राखेचं परत जळण करायला, म्हणजे पाण्यातनं हायड्रोजन वेगळा काढायला, तो जळताना जेवढी ऊर्जा देतो निदान तेवढी आधी घालावी लागते, प्रत्यक्षात जास्तच. ती बॅटरीतनं घेणार, बॅटरी इंजिनवर चार्ज होणार, इंजिन पेट्रोलवर, म्हणजे पेट्रोलच जास्त लागणार. व्हिडिओत गाडी चालते ती टाकीतल्या पेट्रोलवर. मेव्हण्यांना हा अंक दाखवा, आणि टोकन दिलं असेल तर पावती घेऊन आजच परत मागायला जाऊ दे त्यांना.