विनोद आणि माणसं दोन्ही सांभाळणारा एखादा अ‍ॅक्शन थ्रिलर सुचवाल का?

एकच नाव द्यायचं तर ‘मिडनाइट रन’. १९८८चा सिनेमा, दिग्दर्शक मार्टिन ब्रेस्ट. तुमची तक्रार अशी आहे की हल्लीच्या अ‍ॅक्शनपटांत विनोद वरून चिकटवल्यासारखा वाटतो: गोळीबार थांबतो, नायक एक टोमणा मारतो, पुन्हा गोळीबार सुरू. म्हणूनच हे नाव घेतोय. यातला विनोद काढून घेतला तर कथा जागची हलणार नाही.

जॅक वॉल्श (रॉबर्ट डी नीरो) हा शिकागोचा माजी पोलीस. जामिनावर सुटून फरार झालेल्यांना पकडून आणणं हा आता त्याचा धंदा. त्याला काम मिळतं ते जोनाथन मार्डुकस (चार्ल्स ग्रोडिन) या अकाउंटंटला न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला आणून हजर करण्याचं, तेही शुक्रवारी मध्यरात्रीच्या आत. आणला तर जॅकला एक लाख डॉलर. नाही आणला तर ज्याने त्याचा जामीन भरलाय त्याचे साडेचार लाख बुडाले. या अकाउंटंटने एका माफिया डॉनचे दीड कोटी डॉलर लांबवलेत आणि त्यातले बरेचसे दानधर्मात वाटून टाकलेत. त्यामुळे डॉनची माणसं मागावर, एफबीआय मागावर, आणि जॅकच्याच धंद्यातला मार्व्हिन नावाचा एक प्रतिस्पर्धीसुद्धा.

विमानाने गेले तर पाच-सहा तासांचं काम. पण विमान सुटायच्या आधीच मार्डुकस विमानाची भीती वाटते म्हणत असा काही थयथयाट करतो की दोघांना खाली उतरवतात. आपण हसतो. आता आगगाडी पकडणं भाग. आगगाडीत मार्व्हिन गाठतो. त्याच्या तावडीतून दोघं निसटतात आणि बस धरतात, पण तो क्रेडिट कार्डाच्या कंपनीला फोन करून ‘मीच वॉल्श’ म्हणून जॅकचं कार्ड रद्द करून टाकतो. आपण परत हसतो. पण आता जॅकच्या खिशात दमडी नाही, आणि बस शिकागोत येऊन थांबलेली, म्हणजे जे शहर त्याने मान खाली घालून सोडलं तिथेच. मग पैसे मागायला तो कुणाच्या दारात उभा राहतो? घटस्फोटित बायकोच्या.

पूर्ण सिनेमा मी या प्रसंगासाठी सुचवतोय. बायकोने आता एका पोलीस अधिकाऱ्याशीच लग्न केलंय. ती आणि जॅक भांडायला लागतात आणि तेवढ्यात मुलगी खोलीत येते. तिला त्याने नऊ वर्षांत पाहिलेलं नाही. भांडण तिथेच थांबतं. निघताना ती बाहेर गाडीपाशी येऊन लोकांची मुलं सांभाळून साठवलेले पैसे बापाला देऊ करते. तो घेत नाही. अख्ख्या प्रसंगात एकही विनोद नाही, आणि तोपर्यंत सारखी टकळी चालवणारा मार्डुकससुद्धा गप्प आहे. पटकथाकार जॉर्ज गॅलोची कमाल बघा: आपण ज्याला गंमत समजून हसलो त्या सगळ्या गोष्टी जॅकला ढकलत ढकलत या दारापर्यंत आणत होत्या. त्याला इथे ‘भावनिक प्रसंग’ म्हणून आणून सोडलेलं नाही. त्याच्याकडे दुसरा मार्गच उरला नव्हता.

दोघांच्या बोलण्यातही हेच आहे. मार्डुकस जॅकच्या मागे भुणभुण लावतो: सिगरेट का ओढतोस, असलं तेलकट का खातोस, शिकागो का सोडलंस. पहिले दोन प्रश्न विनोदी आहेत, तिसरा नाही, पण तिन्ही त्याच कटकट्या सुरात येतात. म्हणून जॅक ज्या चिडीने पहिले दोन उडवतो त्याच चिडीने तिसराही उडवतो आणि तिथेच पकडला जातो. लाच घ्यायला नकार दिला म्हणून ज्याची नोकरी आणि संसार दोन्ही गेले, तो माणूस एक लाख डॉलरसाठी एका भल्या माणसाला मृत्यूच्या तोंडी द्यायला निघालाय. सगळा थरार खरं तर इथे आहे. हेलिकॉप्टर, गाड्यांचा पाठलाग वगैरे भरपूर आहे आणि झकास आहे, त्यावर फार बोलत नाही.

घड्याळाकडे मात्र लक्ष ठेवा. बायकोने कधीकाळी दिलेलं जुनं घड्याळ जॅक सारखं कानाला लावून बघतो. आधी नुसती लकब वाटते. पुढे त्याचं काय होतं ते सांगत नाही.

सगळंच जमलंय असं नाही. डॉनचे दोन बावळट गुंड आहेत, त्यांच्या वाट्याचा विनोद स्वस्तातला आहे. डॉन मात्र जबरदस्त. ते काम करणारा डेनिस फरिना अभिनयात येण्याआधी खराखुरा शिकागोचा पोलीस होता, जवळजवळ अठरा वर्षं! आणि एफबीआयचा अधिकारी झालेला याफेट कोटो चेहऱ्याची रेषही न हलवता हसवतो. त्याचं ओळखपत्र जॅकने सुरुवातीलाच लांबवलेलं असतं आणि त्याच्याच नावाने तो गावभर मिरवतो.

‘डाय हार्ड’ का नाही, असं कुणीतरी विचारेलच. तोही १९८८च्या जुलैतलाच, आणि तोही याच जातीचा. विमानातला सहप्रवासी सल्ला देतो म्हणून नायक बूट-मोजे काढून पाय मोकळे करायला जातो, आणि पुढे त्याच अनवाणी पायांनी त्याला काचांवरून चालावं लागतं. गंमत म्हणून पेरलेली गोष्ट जखम होऊन उगवते. पण तो तुम्ही बहुतेक पाहिलेला असणार, आणि तिथे नायक बराचसा एकटा आहे. दोन माणसं एकमेकांना हळूहळू बदलताना पाहायची असतील तर ‘मिडनाइट रन’च.

बघताना सबटायटल्स लावा. ग्रोडिन अर्धे विनोद पुटपुटल्यासारखे बोलतो आणि त्याच्यावर डी नीरोची आरडाओरड असते, त्यात चांगली वाक्यं निसटतात. शिव्या भरपूर आहेत, तेव्हा लहान मुलांसोबत नको. १९९४मध्ये याच नावाच्या आधाराने टीव्हीसाठी काही सिनेमे काढले गेले. त्यांत डी नीरोही नाही आणि ग्रोडिनही नाही, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नका.