एचआयव्हीसाठी डोल्युटेग्रॅविर हे औषध चालू असताना अॅसिडिटीची गोळी घेतली तर चालते का?

चालते, पण दोन्ही एकत्र घेऊ नका. अँटासिडमधलं अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम पोटातच या औषधाला चिकटून बसतं आणि मग ते रक्तात नीट उतरतच नाही, म्हणून डोल्युटेग्रॅविर अँटासिडच्या 2 तास आधी नाहीतर 6 तासांनंतर घ्यायचं. माझ्या भावाने डबीच्या झाकणावर पेनाने लिहूनच ठेवलंय, सकाळी 8 ला गोळी, अँटासिड लागलं तर 10 नंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तेच, फक्त त्या जेवणासोबत एकदम घेतल्या तर चालतात. ओमेप्रॅझोल या अॅसिडिटीच्या दुसऱ्या औषधाने मात्र फरक पडत नाही. शुगरसाठी मेटफॉर्मिन किंवा टीबीसाठी रिफाम्पिसिन असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, डोस बदलावा लागू शकतो.

आणि कळकळीने सांगते, बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका हो, व्हायरस परत वाढतो, शिवाय सोबत हिपॅटायटिस बी असेल आणि टेनोफोविर, लॅमिव्हुडिन ही एचआयव्हीची सोबतची औषधं अचानक थांबवली तर लिव्हरला जोरात सूज येऊ शकते. अंगावर पुरळ आणि ताप दोन्ही आले किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दाखवा. अबाकाविर या एचआयव्हीच्याच औषधाची अॅलर्जी एकदा येऊन गेली असेल तर ती गोळी पुन्हा कधीच नाही, जिवावर बेततं.